पंचनाम्यात नसलेलं कासव

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून वाहून आलेली प्रेतंही पाहिली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण एका विहिरीत कोणीतरी डिझेल ओतलं होतं, ते प्रकरण डोक्यातून जायला तयार नाही. नावं कोणाचीच लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात, त्यांना सुखाने राहू द्यावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी घाटावरचा माणूस, सातारा जिल्ह्यातला. बदली होऊन रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या ठाण्यात प्रभारी म्हणून आलो. होडीत बसलं की माझ्या पोटात ढवळायचं, आणि नशीब असं की माझ्या हद्दीत नेमकं एक बेट होतं. खाडीतल्या अशा बेटाला तिकडे जुवा म्हणतात. पंचवीसेक घरं, एक देऊळ, माड-पोफळी, थोडं भात आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. बाकीच्या दोन विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तोंडात धरवत नाही.

मुंबईच्या एका कंपनीला तो जुवा हवा होता. पर्यटकांसाठी झोपड्यांसारखी दिसणारी हॉटेलं बांधायची होती म्हणे. सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला वीस-वीस नावं. त्यातली निम्मी माणसं मुंबईला नोकरीत, त्यांना विकायचं होतं. जुव्यावर राहणाऱ्यांना विकायचं नव्हतं. सगळी चुलत भावंडंच, पण मे महिन्यात चाकरमानी गावी आले की एकमेकांचं तोंड पाहत नसत. न विकणाऱ्यांचा पुढारी म्हणजे देवळाचा मानकरी, सत्तरीचा काटक म्हातारा. सगळे त्याला आबा म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. आबाचा विरोध सरसकट होता. तीन वर्षांपूर्वी सरकारने होड्या लागायचा जुव्याचा धक्का खोल पाण्यापर्यंत लांबवायचा प्रस्ताव आणला, तो आबाच्या जागेतून जाणार होता. आबाने संमतीवर सही केली नाही. "धक्का झाला की त्याच्यावरून पयली कंपनीच चालत येनार," हे त्याचं म्हणणं.

त्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी देवळात बैठक भरली. विकायचं की नाही, याचा सोक्षमोक्ष लावायला बायका-माणसं सगळी जमली. भांडण होऊन बैठक मोडली. बायका पाण्याला गेल्या तर विहिरीवर तवंग, डिझेलचा भपकारा, आणि काठाशी रिकामा डबा. डबा कंपनीचा होता. जुव्याच्या दुसऱ्या टोकाला कंपनीने जमीन तपासायला बोअर मारायचं यंत्र आणून ठेवलं होतं. तिथे एक पत्र्याची शेड, डिझेलचं पिंप आणि एक रखवालदार.

फोन आला तेव्हा ओहोटी लागली होती. होडी धक्क्यापासून बरीच अलीकडे गाळात रुतली. उतरलो तर गुडघ्यापर्यंत आत. एक बूट गाळाने ओढून घेतला, तो हवालदारांनी हात घालून काढला. हवालदार गुहागरकडचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. दोन्ही बूट हातात धरून, चिखलाने माखलेला साहेब जुव्यावर अवतरला. माणसं एवढी संतापलेली, पण दोन बायका पदरात तोंड लपवून हसल्याच.

पंचनामा केला. विहीर चिऱ्यांनी बांधलेली, पाण्यावर तेलाचा थर, मेलेले लहान मासे तरंगताना दिसले, डबा जप्त केला. दोन पंचांच्या सह्या घेतल्या. मला वाटलं, काम चोख झालं.

रखवालदाराला लोकांनी आधीच माडाला बांधून चोप दिला होता. त्याला सोडवून आणलं. पालीच्या बाजूच्या वाडीतला कुणबी गडी, चाळिशीचा. पिण्याचं पाणी खराब केल्याचं कलम लावलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यावर मोर्चा आला, वरूनही फोन आले, म्हणून विष घालण्याचं जड कलमही लावलं. त्यात सहजी जामीन होत नाही. त्याच्यासाठी जामीनदार उभा राहणारं तरी कोण होतं?

त्यातच हातखंब्याच्या नाक्यावरून आमच्या खबऱ्याने बातमी आणली. कंपनीचा एजंट हॉटेलात चहा पिताना म्हणाला होता, "पावसाच्या आत जुवा खाली होणार. पाणीच नाही तर राहतील कशाच्या जिवावर?" झालं! मला वाटलं, दुवा जुळला. एजंटाने सांगितलं, रखवालदाराने ओतलं. एजंट हे नेमकं कधी बोलला, हे मी खबऱ्याला विचारलंच नाही. पुढे कळलं की तो दुसऱ्या दिवशी बोलला होता. तोवर ही बातमी साऱ्या तालुक्यात झाली होती. कोणीही तसं बोललं असतं.

रखवालदाराला कोठडीतून काढून समोर बसवलं. त्याचं एकच पालुपद.

"सायब, मी काय केलाय न्हाय. जेवलो नि आडवा झालो. लोकां धावत आली तवा जागा झालो."

"डबा तुझ्या शेडमधला. तो काय चालत गेला विहिरीवर?"

"शेडला दार न्हाय सायब. कुनी पन उचलील."

"एजंटाने काय सांगितलं होतं?"

"येजंट माज्याशी बोलतच न्हाय. हाक मारताना माजा नाव पन घेत न्हाय."

मी चिडलो. एक थोबाडीत ठेवून दिली. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? तो रडला नाही, ओरडला नाही. गालावर हात ठेवून बसला. थोड्या वेळाने हवालदारांनी त्याला चहा दिला. कप हातात धरून त्याने हवालदारांना हळूच विचारलं, "त्या कासवाचा काय झाला वो? मेला काय?"

मी म्हटलं, "कसलं कासव?"

"इहिरीतला. मी पान्याला जायचो तवा त्याला भाताची शितां टाकायचो. टाकली की वर यायचा. तेवढाच एक वळखीचा होता माजा थय."

स्वतः पोलिसांच्या तावडीत, बायको-मुलं घरी वाट बघतायत, आणि हा कासवाची चौकशी करतोय. मला आधी हसू आलं. पण हवालदारांचा चेहरा उतरला होता. ते मला बाहेर घेऊन गेले.

"साहेब, चूक माझी. आमच्याकडे गोड्या पाण्याच्या विहिरीत कासव सोडतात, पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून. माझ्या घरच्या विहिरीतही आहे. पंचनाम्यात आपण मेलेले मासे लिहिले. कासव कुठे होतं?"

"बुडालं असेल."

"मेलेलं कासव फुगून वर येतं, साहेब. आता दोन दिवस झाले."

घाटावरच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? पण अर्थ लगेच ध्यानात आला. दुसऱ्या दिवशी भरती बघून आम्ही जुव्यावर गेलो. पंप लावून विहीर तळापर्यंत उपसली होती. बायकांना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्हालाही वाटलं मरून तळाला बसलं. तळाला गाळ होता, एक फुटकी कळशी होती. कासव नव्हतं, त्याची पाठही नव्हती. सरळ उभ्या भिंती, कासव आपण होऊन चढणं शक्यच नाही. म्हणजे डिझेल ओतणाऱ्याने आधी कासव बाहेर काढलं. पैसे घेऊन काम करणारा गुंड ही तसदी घेणार नाही. हे काम रोज त्याला शितं टाकणाऱ्याचं. आणि रखवालदार? त्याने काढलं असतं तर कासवाचं काय झालं असं विचारलं नसतं. तिथे मला पहिल्यांदा त्या चपराकीची बोच लागली.

हवालदार म्हणाले, "ते खाऱ्या पाण्यात कोणी सोडणार नाही, मरेल. गोडं पाणी आता होडीतून येतंय, घरटी दोन हंडे. त्यातलं कुठल्या तरी घरातून त्या कासवाला जातंय."

जबाबावर सह्या घ्यायच्या राहिल्या, असं सांगून आम्ही घरोघर फिरू लागलो. काही घरांत बांधाबांध सुरू झाली होती. पाण्याच्या रांगेत बायकांची भांडणं होत होती. एक चाकरमानी मला म्हणाला, "आता तरी म्हाताऱ्यांना अक्कल येईल." आबाच्या ओटीवर बसलो. म्हातारा तीन दिवसांत खंगला होता.

"सायब, त्या रखवालदाराला सोडू नका हां," तो म्हणाला. "आमच्या तोंडचा पानी पळवला त्येनी."

आबाची सून तांब्या घेऊन आली. पंचविशीची, चार-पाच महिन्यांची गरोदर. नवरा मुंबईला. तिने तांब्या ठेवला आणि विचारलं, "त्याला लय मारलात काय वो, सायब?"

एवढ्या माणसांत हे विचारणारी ती एकटीच. हवालदार पाय धुण्याच्या निमित्ताने मागच्या दारी गेले आणि लगेच परत आले. "साहेब, जरा या इकडे."

मागच्या दारी चिऱ्याची डोण होती, गुरांना पाणी पाजायची. तिच्यावर नारळाच्या झावळ्यांचं झाप. हवालदारांनी ते बाजूला केलं. आत वीतभर पाणी आणि पाण्यात कासव, बादलीत मावेल एवढं. कडेला चार शितं. त्याने मान वर काढून आमच्याकडे पाहिलं, म्हणजे आता काय टाकताय ते बघितलं.

सून आमच्या मागून आली होती. मी काही विचारण्याआधीच ती बोलली.

"त्याचा काय गुन्हा? म्हनून त्याला आधी काढला."

बैठकीच्या दिवशी ती बरं नाही म्हणून घरी राहिली होती. डबा शेडमधून उचलला, रखवालदार घोरत होता. विहिरीवर जाऊन रोजच्यासारखी शितं टाकली, कासव वर आलं, ते बादलीत घेतलं, घरी नेऊन ठेवलं, आणि परत येऊन डिझेल ओतलं. "डिझेलच कशाला?" मी विचारलं. आंब्यावर फवारायचं औषध घरातच होतं.

"त्या औषधाना मानसां मेली असती. डिझेलचा वास येतो. कोन पिनार न्हाय."

"पण का केलंस, बाई?"

तिने खाडीकडे हात केला. दोन वर्षांपूर्वी पावसात तिला सकाळी कळा सुरू झाल्या. होडीत घातलं. ओहोटी. होडी मध्येच गाळात बसली. पलीकडचा रस्ता, तिथे उभी असलेली जीप, जीपचा ड्रायव्हर सगळं दिसत होतं. भरतीची वाट बघत तिथेच मूल झालं. मुलगी. थोडा वेळ रडली. पाणी चढेपर्यंत तिचं रडणं थांबलं होतं.

"आता परत भादव्यात," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. "आई न्हाय, माहेर न्हाय. मुंबयला येका खोलीत सात जना. शेजारची पन पोटुशी हाय. मी मामंजींना धक्क्याचा बोलले तर म्हनाले, ह्या जाग्यात आमच्या सात पिढ्या जन्मल्या. जन्मल्या, पन मेल्या किती ता कोन सांगनार? मग वाटला, पानीच न्हाय राह्यला तर सगळी निघतील हितना."

"आणि तो रखवालदार?"

इथे मात्र ती कोसळली. "रोज म्हनत होते, आज सांगेन. रोज धीर झाला न्हाय. त्याला सोडा सायब. माला न्या."

मी मागे वळलो. आबा दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. मला वाटलं, म्हातारा आता तिच्यावर धावून जाणार, आणि मी मध्ये पडायच्या तयारीत होतो. तो आला, डोणीच्या काठावर बसला, आणि कासवाकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाय माजे, मी त्या दिवशी होडीत होतो. ती रडली ता मी पन आयकला. तुला वाटला, म्हातारा इसरला?"

मग तो तोंडावर पंचा घेऊन रडला. ती त्याच्या बाजूला जमिनीवर बसली. हवालदार खाडीकडे तोंड करून उभे राहिले. सांगायला हरकत नाही, माझेही डोळे भरून आले होते.

पण कायदा कायदा असतो, आणि एक निरपराध माणूस माझ्या कोठडीत होता. त्याच दिवशी रखवालदाराविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात पाठवला आणि तो सुटला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक हाय." त्याच्या आवाजावरून कळलं की ठीक नाही. दारातून वळून त्याने विचारलं, "कासव हाय ना जिता?" आहे म्हटल्यावर पहिल्यांदा त्याचा चेहरा थोडा सैल झाला. जुव्यावर तो परत कधी गेला नाही, आपलं अंथरूण न्यायलासुद्धा नाही. ते हवालदारांनी पालीला पोचवलं.

सुनेवर हलकी कलमं लावली. वरचे साहेब म्हणाले, तेच जड कलम हिलाही लाव. मी लेखी दिलं की इजा करायचा हेतू दिसत नाही. डिझेलचा वास आणि वाचवलेलं कासव, या दोन गोष्टींवर मी अडून बसलो. साहेब चिडले, पण शेवटी ऐकलं. तिने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा. मला वाटलं होतं, बिचारी एकटी बसेल. सकाळी गेलो तर कोर्टाच्या बाकांवर निम्मा जुवा येऊन बसलेला. विकणारे आणि न विकणारे एका रांगेत. आबा तिच्या शेजारी, मांडीवर पाण्याचा तांब्या घेऊन, संध्याकाळपर्यंत हलला नाही.

धक्क्याच्या संमतीवर आबाने दुसऱ्या दिवशी तहसीलदारांसमोर सही केली. पण सरकारी धक्का होणार कधी? आणि भादवा तर थांबणार नव्हता. मग त्या म्हाताऱ्याने जे केलं, ते बघायला मी मुद्दाम गेलो. त्याच्या वाडीभोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत होती, आजोबाने घातलेली. जागेची हद्द म्हणून आबा दर वर्षी पावसाआधी तिची जिवापाड डागडुजी करत असे. आबाने पहिला चिरा स्वतः उपटला. मग चाकरमान्यांनी रजा वाढवल्या, बायका-माणसांनी रांग केली, आणि तो सगळा गडगा चिऱ्याचिऱ्याने गाळात नेऊन खोल पाण्यापर्यंत वाट घातली. मी म्हटलं, "आबा, आता तुमची हद्द कशी कळणार?"

"न कळूदे," तो म्हणाला. "हद्द राखता राखता नात गेली."

विहीर धुतली, चुना मारला, झऱ्यांनी हळूहळू ती भरली. पाणी चांगलं असल्याचा दाखला आला त्या दिवशी सुनेनेच कासव बादलीतून सोडलं. सगळी माणसं काठावर वाकून बघत होती. कंपनीच्या कागदावर पुढे कोणी सही केली नाही, मुंबईकरांनीही नाही. यंत्र आणि शेड उचलून ते निघून गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी कधीकधी विचारतात. पहिलं हे, की पंचनाम्यात दिसतं ते आपण लिहितो. तिथे असायला हवं होतं आणि नाही, तेही लिहावं. दुसरं, हात उचलण्याआधी तोंडाने शंभर वेळा विचारावं. माझा हात पुढे उचलला गेला नाही असं म्हणणार नाही, पण उचलताना तो गालावर हात ठेवून बसलेला माणूस दिसायचा आणि बहुतेक वेळा हात खाली यायचा. आणि तिसरं असं की जमिनीच्या भांडणात मी नेहमी फायदा कोणाचा हे शोधत गेलो. इथे फायद्याचा काही संबंधच नव्हता. ती बाई घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही.

भादव्यात एक दिवस ठाण्यात हवालदारांनी माझ्यापुढे पेढा ठेवला. मुलगी झाली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा ओहोटी होती, पण चौघांनी खुर्ची खांद्यावर घेऊन त्या वाटेवरून तिला खोल पाण्यातल्या होडीपर्यंत नेलं, आणि मूल रत्नागिरीच्या दवाखान्यात झालं. बारशाचं बोलावणं होतं. मी गेलो. होडीतून उतरलो तेव्हा ऐन ओहोटी होती, दोन्ही बाजूंना गाळ चकाकत होता. सवयीने बूट काढायला खाली वाकलो.

धक्क्यावरून आबा ओरडला, "सायब, ऱ्हाऊंदे बूट पायात. चालत या."

आणि मी चालत गेलो.